मॉसी लेनिहन गाडीवरून उतरला

आमच्या बॅलिनॉर स्टेशनवर मॉसी लेनिहनइतका गरीब स्वभावाचा माणूस दुसरा नव्हता. लिमरिककडे जाणाऱ्या गाडीचा तो ड्रायव्हर. स्टेशनच्या अलीकडचं रेल्वे फाटक माझ्या आईच्या ताब्यात होतं, म्हणजे फाटक उघडायचं, लावायचं आणि त्यालाच चिकटून असलेल्या दोन खोल्यांत राहायचं. त्यामुळे मॉसीकाकाला मी पाळण्यात असल्यापासून बघत आले. फाटकावरून जाताना तो टोपीला हात लावायचा, आईसाठी एवढाच, बाकी काही नाही. दारूच्या गुत्त्यात लोक इंग्रजांना शिव्या घालायला लागले की हा ग्लास संपवून उठायचा. कोणी विचारलंच, "काय मॉसी, तुझं काय म्हणणं आहे?" तर म्हणायचा, "माझं म्हणणं आहे की उद्याचा कोळसा ओला आहे." सगळे हसायचे. आणि हाच माणूस पुढे काय करून बसला ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, एकदा नाही, दोनदा. आज इतकी वर्षं झाली तरी आठवलं की अंगावर काटा येतो.

आधी लॅरीचं सांगायला हवं. लॅरी म्हणजे मॉसीकाकाचा एकुलता मुलगा. उंच, लालसर केसांचा, चर्चमध्येसुद्धा ज्याचं हसू दाबलं जायचं नाही असा. जर्मनांशी लढाई सुरू झाली तेव्हा आमचेच पुढारी सांगत फिरत होते की पोरांनो, इंग्रजांच्या बाजूने लढा, म्हणजे लढाई संपल्यावर ते आपल्याला आपलं राज्य देतील. लॅरीने ते खरं मानलं आणि इंग्रज सैन्यातल्या मन्स्टरच्या पलटणीत नाव घातलं. सोळा सालच्या सप्टेंबरात तो फ्रान्समध्ये मेला.

पण त्याच वर्षी वसंतात डब्लिनला बंड झालं होतं. बंड करणाऱ्यांना इंग्रजांनी तुरुंगाच्या आवारात भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या, आणि बघता बघता सगळ्या मुलखाचं मन फिरलं. लॅरी गेला तेव्हा वारं पुरतं उलटलं होतं. ज्या लोकांनी त्याला स्टेशनवर बँड वाजवून निरोप दिला होता, तीच माणसं त्याच्या नावाच्या प्रार्थनेला आली नाहीत. आई आणि मी गेलो. चर्चचे बाक रिकामे. पुढे मॉसीकाका, त्याची बायको डीलियाकाकू आणि त्याचा फायरमन बार्ट क्विल, एवढेच. डीलियाकाकू सारखी मागे वळून दाराकडे बघत होती. तिला वाटत होतं लोकांना उशीर झाला असेल. शेवटी मॉसीकाका हळूच म्हणाला, "पुढे बघ, डीलिया. कोणी येत नाही."

बार्ट क्विल लॅरीचा शाळूसोबती. भट्टीत कोळसा टाकायचं काम त्याला मॉसीकाकानेच शिकवलं. इंजिनवर दोघं असायचे ते बाप-लेकासारखे. बार्ट एका वाक्यात दोन शिव्या देणारा, आणि काका तोंडातून शब्द न काढणारा. आई म्हणायची, "एकाच्या वाटचं बोलणं दुसरा बोलून टाकतो."

वीस सालच्या उन्हाळ्यात तो दिवस आला. तोवर गावागावांत चकमकी सुरू झाल्या होत्या. रस्त्यात झाडं पाडलेली, पोलीस चौक्या जळालेल्या. डब्लिनच्या गोदी कामगारांनी इंग्रजांचा दारूगोळा उतरवायला नकार दिला, मग रेल्वेवाल्यांनी ठरवलं की आम्हीही हत्यारबंद सैनिक नेणार नाही. कुठे कुठे ड्रायव्हर उतरलेही होते. पण बॅलिनॉरमध्ये कोणाला वाटलं नव्हतं की मॉसी लेनिहन असलं काही करेल. त्याच्या मुलाच्या अंगावर तोच गणवेश होता की!

मी फलाटावर होते, बाजाराला जाणाऱ्या बायकांना अंडी द्यायला आले होते. गाडी उभी होती. एक इंग्रज अधिकारी आणि त्याच्या मागून सैनिक आले, खांद्याला बंदुका. दारं उघडून डब्यात बसले. गार्डने शिट्टी घातली. गाडी हलली नाही. गार्डने पुन्हा शिट्टी घातली. मग इंजिनच्या पायरीवरून मॉसीकाका खाली उतरला. सावकाश, हात फडक्याला पुसत. त्याच्या मागून बार्टने उडी मारली.

अधिकारी धावत आला. "काय झालं? इंजिन बिघडलं का?"

"नाही साहेब. इंजिन उत्तम आहे."

"मग चढ वर!"

"तुमची माणसं उतरली की चढतो."

माझ्या शेजारची म्हातारी ब्रिजेट पुटपुटली, "देवा, हा मॉसी आहे का दुसराच कोणी?"

अधिकाऱ्याने पिस्तूल काढलं आणि काकाच्या कपाळाला टेकवलं. अगदी टेकवलं. बार्ट पुढे सरसावला तर दोन सैनिकांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं.

"बंडखोरांनी धमकी दिली का तुला?"

"नाही."

"मग तूच बंडखोर आहेस."

"मी ड्रायव्हर आहे, साहेब."

"तुम्हा लोकांना लाज नाही," अधिकारी ओरडला, "फ्रान्सच्या चिखलात आमची पोरं तुमच्यासाठी मेली!"

मॉसीकाका म्हणाला, "माहीत आहे. त्यातलं एक माझं होतं."

अधिकारी बघतच राहिला. पिस्तूल कधी खाली आलं ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. मग सैनिकांकडे न बघता बाकावर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत गाडी तिथेच उभी. बायका कोंबड्यांच्या टोपल्या काखेत मारून पायी घरी गेल्या. इंजिनातली आग हळूहळू विझली. सैनिक शेवटी उतरले आणि मोटारी मागवून गेले.

दुसऱ्याच दिवशी कंपनीने दोघांना कामावरून काढलं.

गावाला तर वेडच लागलं. ज्या लोकांनी लॅरीच्या प्रार्थनेला पाठ दाखवली होती, ते आता काकाच्या दाराशी बटाट्याची पोती आणून ठेवायला लागले. डीलियाकाकू दार उघडायची, पोतं बघायची, दार लावून घ्यायची. एकदा ती आईला म्हणाली, "हे लोक कोणासाठी आणतात गं? आमच्यासाठी की पिस्तुलासाठी?"

काका दलदलीवर माती कापायला जायला लागला, आमच्याकडे ती वाळवून चुलीत जाळतात. डिसेंबरात रेल्वेवाल्यांचा तो संप मोडला, उपासमारीने मोडला. बाकीचे ड्रायव्हर मान खाली घालून कामावर गेले. काका गेला नाही. बार्ट तर केव्हाच बंदूक घेऊन डोंगरात गेला होता. त्याला शोधायला काळे-पिवळे आले, म्हणजे इंग्रजांनी नव्याने भरती केलेले ते अर्धे पोलीस, अर्धे सैनिक. बार्ट सापडला नाही, म्हणून त्याच्या आईला ओट्यावर बसवून तिच्या देखत घर पेटवलं. तिने नुकतीच भाकरी भाजायला ठेवली होती. "निदान भाकरी तरी काढू द्या," असं ती त्यांना म्हणाली होती म्हणे. ती बाई त्या हिवाळ्यात गेली. घर गेलं आणि मागोमाग तीही.

मग एकवीसच्या जुलैत लढाई थांबली. इंग्रज बोलणी करायला तयार झाले! डोंगरातली पोरं भर रस्त्याने, टोपीत फुलं खोचून खाली उतरली. फाटकावर आम्ही नाचलो. मी आणि यूजीन फिनुकेन. यूजीन इंजिन शेडमध्ये साफसफाईला होता, कानापर्यंत काजळी असायची त्याच्या. पुढच्या वसंतात आमचं लग्न झालं आणि तो फाटकावर आमच्याकडेच राहायला आला. इंग्रज सैन्य निघून गेलं होतं. आपलं सरकार आलं, आपला झेंडा आला. काकाला आदराने इंजिन परत मिळालं, आणि त्याने फायरमन म्हणून यूजीनला मागून घेतलं.

माझ्या आयुष्यातले तेवढेच महिने सुखाचे.

इंग्रजांशी झालेल्या करारावरून आपल्यातच फूट पडली. एक बाजू म्हणाली, मिळालं ते घ्या, उरलेलं पुढे मिळवू. दुसरी म्हणाली, इंग्रज राजाच्या नावाने शपथ घ्यायची असेल तर इतकी माणसं मेली कशाला? उन्हाळ्यात गोळीबार सुरू झाला. मला वाटलं होतं, दोन दिवसांत भांडण मिटेल, सगळे एका ताटातले. पण नाही. जी पोरं एकाच गवताच्या गंजीत लपून राहिली होती, ती एकमेकांना टिपायला लागली. बार्ट कराराच्या विरोधात, पुन्हा डोंगरात. नवं सरकार पकडलेल्यांना गोळ्या घालू लागलं. होय, आपलं सरकार, आपल्या पोरांना! आईने ते ऐकलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "चुकीचं ऐकलं असशील गं." मी चुकीचं ऐकलं नव्हतं.

डोंगरातल्यांनी पूल उडवले, रूळ उखडले. शहरात पीठ मिळेना. तेवीसच्या जानेवारीत एका सकाळी पिठाची मालगाडी सोडायचं ठरलं. यूजीन घाईत डबा विसरला म्हणून मी तो घेऊन स्टेशनवर गेले, तर फलाटावर हिरव्या गणवेशातले सैनिक. आपले. त्यांच्यातला एक तर माझ्या वर्गातला. ते पिठाच्या पोत्यांवर चढून बसले होते, रक्षणाला म्हणून.

आणि मॉसीकाका इंजिनवरून खाली उतरला.

मी तिथेच थिजले. यूजीनने वरून डोकं बाहेर काढलं आणि हसत म्हणाला, "झालं! काका, तुमचं हे दुसऱ्यांदा!"

सैनिकांचा अधिकारी वयाने लहानच होता. हात जोडल्यासारखं करत म्हणाला, "काका, असं काय करता? तुमचं नाव आम्ही शाळेपासून ऐकतोय. इंग्रजांना तुम्ही नाही म्हणालात ते बरोबरच होतं. पण आम्ही तुमचेच आहोत."

"म्हणूनच."

"म्हणजे?"

काकाने फडकं खिशात कोंबलं. मग तो जे बोलला ते तोवर त्याने बायकोशिवाय कोणालाही सांगितलं नव्हतं. "लॅरी लढाईवर निघाला ना, त्या गाडीवर मीच होतो. मागच्या डब्यात तो गात होता. मी पुढे. इंजिनवरच्या माणसाला मागचं दिसत नाही. लिमरिकला उतरून त्याला गाठेपर्यंत त्याची पुढची गाडी सुटली होती. माझ्या पोराला मरायला मीच नेऊन पोचवलं, आणि त्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही. लोकांना वाटतं मी इंग्रजांमुळे उतरलो. वाटू दे. कोणाच्याही पोरांना बंदुकीसकट मी नेणार नाही. पीठ नेतो. तुम्ही उतरा."

"मी तुम्हाला अटक करू शकतो."

"कर बाबा. मग चालव गाडी."

अधिकारी लाल झाला. बराच वेळ घड्याळाशी खेळत राहिला. शहरात लोक पिठाची वाट बघत होते, आणि दुसरा ड्रायव्हर नव्हता. शेवटी त्याने हात हलवला. सैनिक पुटपुटत खाली उतरले. एकाने काकाच्या पायाशी थुंकून म्हटलं, "म्हातारा फितूर."

यूजीनने माझ्या हातून डबा घेतला. "सिसी, भाकरीला लोणी लावलंयस का नुसताच हात फिरवलायस?"

"खाऊन बघ म्हणजे कळेल," मी म्हटलं. ते आमचं शेवटचं बोलणं. असलं काहीतरी. माणसाला काय ठाऊक असतं!

गाडी गेली. मी घरी येऊन फाटक उघडलं. आईला हे सगळं सांगत होते, तेवढ्यात दुरून आवाज आला. स्फोटासारखा नाही. कोणी लोखंडाने भरलेली गाडी दगडाच्या खाणीत ओतावी तसा. आणि मग वाफेचा लांबच लांब फूत्कार. तो थांबेचना.

मी रुळांवरून धावले. स्टेशनपुढे उतार आहे, उताराच्या तळाशी वळण. तिथे रूळ काढलेला होता. इंजिन बांधाखाली आडवं पडलेलं, कोळशाचा डबा त्याच्यावर चढलेला. आणि सगळीकडे पीठ. गवतावर पीठ, पाण्यात पीठ, झुडपांवर पीठ. लोक पांढरेफटक होऊन धावत होते, कोण कोण ते ओळखू येईना. गार्ड शेवटच्या डब्यात होता म्हणून वाचला. मॉसीकाकाला गवतावर निजवलेलं होतं, उजवा हात आणि अर्धा चेहरा वाफेने सोलून निघालेला. यूजीनला मला बघू दिलं नाही. मी ओरडत होते, "बघू द्या, माझा आहे तो," आणि गार्ड मला घट्ट धरून म्हणत होता, "नको सिसी, नको, नको." शेवटी त्याचा फक्त बूट मला दिसला. बुटावरसुद्धा पीठ होतं.

यूजीनला पुरल्यावर काही दिवसांनी मी गाढवाच्या गाडीतून शहरातल्या दवाखान्यात गेले. रूळच नव्हते तर रेल्वे कुठली! काका पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला. एकच डोळा उघडा. डीलियाकाकू उशाशी बसली होती. काकाने तिला पाणी आणायला पाठवलं. ती गेल्यावर म्हणाला, "सिसी, जवळ ये. तो बार्ट होता."

मला अर्थच लागेना. "कोण बार्ट?"

"आपला बार्ट. मी वाफेत अडकलो होतो, त्यानेच मला ओढून बाहेर काढलं. यूजीनसाठी परत आत शिरला. त्याचे केस जळाले. कोळशाचा डबा त्याला हलवता येईना. रडत होता. म्हणत होता, 'गाडीत सैनिक होते, काका, आमच्या माणसाने चढताना पाहिले.' पाहिले असतील. उतरताना पाहिले नाहीत. तो आधीच सांगायला पळाला होता."

बार्ट! लॅरीच्या प्रार्थनेला आलेला बार्ट. आमच्या लग्नात ज्याने आईला नाचवलं होतं, तो. त्या उतारावर गाडी थांबवता येत नाही हे त्याला काकानेच शिकवलं होतं, त्याच इंजिनवर उभं करून.

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"म्हटलं, सैनिक असते तर? माझा लॅरी सैनिकच होता की रे. त्यावर तो पळाला."

काका पुढे म्हणाला, "सरकारची माणसं येऊन विचारून गेली. मी म्हटलं, दिसलं नाही. पण नवरा तुझा गेलाय, सिसी. तू म्हणालीस तर नाव सांगतो. लगेच सांगतो. मग काय होईल ते तुला ठाऊक आहे."

मला असा संताप आला! "हे माझ्यावर का टाकता? तुम्हाला सांगायचं तर सांगा, नाहीतर गप्प बसा!"

"माझा हक्क नाही," तो म्हणाला. "मला त्याने वाचवलंय."

डीलियाकाकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मी बाहेर पडले ती तडक सरकारी सैनिकांच्या छावणीकडे. काकाची गरजच नव्हती, नाव मलाही ठाऊक झालं होतं. मी सांगणार होते, त्यात खोटं बोलण्यासारखं काही नाही. वाटेत मी शब्दसुद्धा जुळवत होते. बार्थॉलोम्यू क्विल, राहणार बॅलिनॉर. पहारेकऱ्याने मला आत सोडलं आणि अंगणात थांबायला सांगितलं, अधिकारी जेवत होते. थंडीतलं स्वच्छ ऊन पडलं होतं. अंगणात एक सैनिक बाह्या दुमडून फळ्यांना रंधा मारत होता. शीळ घालत होता. माझ्या काळ्या कपड्यांकडे बघून त्याने शीळ थांबवली आणि पायाने भुसा बाजूला सारला. "जपून बाई, घसराल."

भिंतीशी दोन-तीन पेट्या तयार होऊन उभ्या होत्या. माणसाएवढ्या. मी सहजच विचारलं, दुःखातल्या माणसाने दुःखातल्याची चौकशी करावी तसं. "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," तो म्हणाला. "उद्या."

त्याच्या बोलण्यात क्रूरपणा नव्हता. उद्या बाजार आहे, असं सांगावं तसा सूर. मग त्याने फळीवर अंगठा फिरवला, कुठे कुसळ राहिलं का ते बघायला. आतल्या माणसाला टोचू नये म्हणून? मी त्या अंगठ्याकडे बघतच राहिले. खिडक्यांच्या आड पकडलेली माणसं होती, जिवंत. त्यांना रंध्याचा आवाज ऐकू जात असणार.

"कोणाला भेटायचंय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "कोणाला नाही," आणि परत फिरले. मी क्षमाबिमा काही केली नाही. लोक तसं समजतात आणि मला थोर ठरवतात, तेव्हा मला राग येतो. माझ्या तोंडून नाव निघालं असतं तर तो माणूस पुढची फळी उचलणार होता, एवढंच मला दिसलं.

काकाला मी जाऊन सांगितलं, "मी बोलले नाही. तुम्हीही बोलू नका." त्याने उघडा डोळा मिटला. पट्टीखालून पाणी आलं.

मे महिन्यात लढाई संपली. कोणी जिंकल्याचा जल्लोष ऐकू आला नाही. लोक थकले होते आणि एकमेकांच्या नजरा चुकवत होते. बार्ट दुसऱ्याच कशासाठी तरी पकडला गेला होता. पुढच्या वर्षी सुटला. गावात त्याला कोणी काम देईना. एका रविवारी, सगळे चर्चला गेलेले असताना, तो फाटकावर आला. मी रुळांमधलं गवत काढत होते. ओळखलाच नाही. कानशिलावर केस नव्हते, दात पडलेले. तिशीही न ओलांडलेला माणूस!

त्याने टोपी काढली. "सिसी, मी अमेरिकेला चाललोय. जायच्या आधी तू मला काय म्हणायचं ते म्हण. मारायचं असेल तर मार."

माझ्या हातात विळा होता. मी तो खाली ठेवला, कारण मला माझा भरवसा वाटेना. "मी छावणीत गेले होते तुझं नाव सांगायला," मी म्हटलं.

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं नाही. ते पेट्या बनवत होते. माणसं जिवंत होती आणि पेट्या तयार होत्या."

"आम्हाला आत ऐकू यायचं," तो म्हणाला. मला वाटलं होतं, त्याला बघितल्यावर मी किंचाळेन, निदान त्याच्या तोंडावर थुंकेन. मी म्हटलं काय, तर, "काकाला भेटलास का?"

"कुठल्या तोंडाने भेटू?"

"आहे त्याच. जा."

तो गेला. नंतर डीलियाकाकूने मला सांगितलं की दोघं चुलीपुढे बसून होते आणि काकाने एकच प्रश्न विचारला: "रूळ काढताना, बार्ट, मी गाडीवर असेन हे तुला ठाऊक होतं?" आणि बार्ट म्हणाला, "होतं." डीलियाकाकू हे सांगताना माझ्याकडे असं बघत होती, जणू मी तरी हे खोटं आहे म्हणेन. "ठाऊक होतं म्हणाला गं तो! तोंडावर! आणि ह्यांनी काय करावं? ताटातला बटाटा सोलून त्याच्यापुढे ठेवला."

बार्ट त्याच आठवड्यात गेला. काका स्टेशनवर पोचवायला गेला नाही, पण फाटकाशी आला आणि माझ्याबरोबर उभा राहिला. गाडी गेली तेव्हा आम्हा दोघांपैकी कोणी हात केला नाही.

काकाचा उजवा हात पुन्हा धड झाला नाही. कंपनीने त्याला पाण्याच्या टाकीवर देखरेखीचं काम दिलं. इंजिन पाण्याला थांबलं की तो नळ फिरवायचा, पण वर कधी चढला नाही. तरुण ड्रायव्हर बोलवायचे, "या काका, एक चक्कर." तो मान हलवायचा. आईनंतर फाटक माझ्याकडे आलं. लोक मला लग्नाचं विचारायचे. विचारून विचारून थांबले.

एकतीस सालच्या फेब्रुवारीत काका झोपेतच गेला. चर्चच्या दाराशी मोठी गर्दी जमली. एका बाजूला सरकारवाले, दुसऱ्या बाजूला करार न मानणारे. दोघांनीही झेंडा आणलेला, तोच तिरंगी, एकसारखा! एक म्हणतो, मॉसीने इंग्रजांची गाडी अडवली, तो आमचा. दुसरा म्हणतो, त्याने तुमचे सैनिकही उतरवले, तो आमचा. आवाज चढले. शवपेटी समोर आणि ही माणसं एकमेकांच्या छातीला धक्के देतायत!

डीलियाकाकू पुढे झाली. तिने दोन्ही झेंड्यांच्या घड्या घातल्या, ज्याचा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "लॅरीच्या वेळी कुठे होतात तुम्ही?"

रेल्वेची माणसं आली, पेटी खांद्यावर घेतली आणि चालू लागली. बाकीचे मागून आले, रस्त्याच्या दोन कडांनी, मध्ये जागा सोडून.

घरी आल्यावर डीलियाकाकू म्हणाली की तिला भूक लागलीय. मी चूल पेटवली, तिने बटाटे उकडले आणि आम्ही दोघी जेवलो.